नुसरतआपा आणि हिरवी खूण

नुसरतआपांशी माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर उपटली तेव्हा.

नांदेडला श्रीनगर भागातल्या एका गल्लीत, टायरच्या दुकानाच्या वर बिरादार सरांचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस होतं. मी तिथं नुकतीच लागले होते. पहिलंच काम म्हणून एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटचा फॉर्म केला होता. नाव, तारीख, मोबाइल नंबर भरून बटण दाबलं की पान जागचं न हलता माहिती मागच्या मागे डेटाबेसात जायची आणि खाली अक्षरं उमटायची, 'धन्यवाद, आपली नोंद झाली.' मला त्याचा फार अभिमान होता. आपा माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या, एका हातानं त्यांनी वायर ओढली आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं, 'धन्यवाद, आपली नोंद झाली.'

"कुठं झाली?" आपांनी विचारलं.

मी स्क्रीनवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"एकाच तारखेला दोन वराती दारात आल्या, तर समजूत घालायला तू जाणार का, वर्षा?"

वायर माझ्या हातात ठेवून त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांचा आवाज नेहमीच तसा, थोडा कोरडा, शिवणाच्या दोऱ्यासारखा ताणलेला.

आपा मूळच्या उदगीरच्या. वडलांचं तिथं शिलाईचं दुकान. शिकून झाल्यावर काही वर्षं लातूरला एका क्लासात त्यांनी कॉम्प्युटर शिकवला, मग लग्न होऊन नांदेडला देगलूर नाक्याला आल्या. नवऱ्याचं गाड्यांच्या सीटकव्हरचं काम. त्यांच्याबद्दल आम्हाला माहीत होतं ते एवढंच, आणि त्यांनीही कधी जास्त सांगितलं नाही. चाळिशी ओलांडलेली, उंच बांधा, चष्मा बहुतेक वेळा कपाळावर. शुक्रवारी डब्यात खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा असायचा आणि डबा सगळ्यांना पुरेल एवढा असायचा. वाढताना मात्र बोलायच्या नाहीत. "खाताना कामाचं नक्को," एवढंच.

काम तपासायची त्यांची रीत ऑफिसात चेष्टेचा विषय होती. टायरच्या दुकानाशेजारच्या जिन्याखाली मोबाइलला रेंज नसायची. आपा मुद्दाम तिथं पायरीवर बसून, काच तडकलेल्या जुन्या फोनवर आमचे फॉर्म भरायच्या. अर्ध्यात फोन बंद करायच्या. बटण एकदा दाबून लगेच पुन्हा दाबायच्या. टायरवाला विचारायचा, "मॅडम, घरी भांडून आल्या का?" आपा मान वर न करता म्हणायच्या, "हाव."

बटण दोनदा का दाबता, असं मी एकदा विचारलं होतं.

"घाबरलेलं माणूस दोनदाच दाबतंय. आपण शांत बसून दाबतो, म्हणून आपल्याला चूक दिसत न्हाई."

मला त्यांनी शिकवलेलं सगळं एका गोष्टीभोवती फिरायचं. पूर्वी फॉर्म पाठवला की अख्खं पान पांढरं व्हायचं, काही वेळ चक्र फिरायचं आणि मग नवीन पान यायचं. कटकट होती, पण काहीतरी गेलं आणि काहीतरी आलं हे अडाण्यालाही कळायचं. आता पान हलत नाही. सगळी देवाणघेवाण पडद्यामागं होते. "म्हणजे माणसानं आता डोळे मिटून आपल्यावर भरवसा ठेवलाय," आपा म्हणायच्या. "तिकडून उत्तर आल्याशिवाय 'झालं' म्हणायचं न्हाई. उत्तर यायला वेळ लागला तर 'थांबा' म्हणायचं. आलंच न्हाई तर 'गेलं न्हाई' म्हणायचं. ह्यात अवघड काय हाय?"

अवघड हे होतं की पैसे देणाऱ्याला 'थांबा' आणि 'गेलं नाही' हे शब्द आवडत नसत. किनवटकडच्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहाचं काम आमच्याकडं आलं, तेव्हा हे मी पहिल्यांदा पाहिलं. तिथल्या पाड्यांवर जाऊन शिक्षक मोबाइलवरच मुलींचे प्रवेश भरणार होते. रेंज कुठं यायची, कुठं जायची. आपांनी असं केलं होतं की भरलेली माहिती फोनमध्येच धरून ठेवायची, रेंज आली की पाठवायची, आणि तोवर वर लाल पट्टीत दिसायचं, 'ही माहिती अजून पोचलेली नाही.' संस्थेचे सचिव म्हणाले, शिक्षक घाबरून राहिलेत, ती लाल पट्टी काढा.

आपा म्हणाल्या, "घाबरू द्या. घाबरला तर तो रेंज मिळते त्या रस्त्यापर्यंत चालत येईल. मुलीचं नाव लागेल."

सचिव चिडून गेले. बिरादार सरांनी त्यांना खालपर्यंत जाऊन चहा पाजला आणि काम सांभाळलं. सर वाईट माणूस नव्हते. धंदा बसला होता त्या काळात स्वतःची गाडी विकून त्यांनी आमचे पगार दिले होते. पण त्यांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही, आणि आपांना खोटं हो म्हणता यायचं नाही. दोघांच्या मध्ये आमचं ऑफिस चालायचं.

आपांना मी एकदा विचारलं, "एवढं का मनावर घेता? कधी काही घडलं होतं का?"

"घडायला कशाला पाहिजे?" त्या म्हणाल्या. "पगार घेते मी."

मग लातूरचं काम आलं. एक खासगी डायलिसिस केंद्र. किडनी निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर बसून रक्त साफ करून घ्यावं लागतं. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, धाप लागते, आणि पुढं काय होईल ते सांगता येत नाही. जुन्या पेशंटांच्या पाळ्या पक्क्या असत. नवीन आलेल्यांनी पक्की पाळी मिळेपर्यंत रिकामी जागा बघून मोबाइलवरून नंबर लावायचा, असं त्या केंद्राचं ठरलं होतं. तो फॉर्म आम्ही करायचा होता.

लातूरला जाऊन आपांनी तो दाखवला, सर आणि मी बरोबर होतो. तिथले व्यवस्थापक शांतपणे बघत होते. बटण दाबल्यावर ते करडं झालं, त्यावर 'थांबा, नोंद होत आहे' असं आलं आणि मग हिरवी खूण उमटली.

"हे थांबा कशाला?" ते म्हणाले. "दुसऱ्या पार्टीनं दाखवलं त्यात दाबलं की लगेच हिरवं येत होतं."

"त्यांचं हिरवं कुणाला विचारून येतंय ते विचारलं का?" आपा म्हणाल्या.

परतताना भावाकडून मागून आणलेल्या गाडीत सर म्हणाले, "आपा, हिरवं अगोदर दाखवू. नोंद मागून जाईल की. एखाद्या वेळी न्हाई गेली तर बघू."

आपा खिडकीबाहेर बघत होत्या. "ती एखादी वेळ कुणाची, तेवढं मला सांगा."

सरांनी गाडीचा वेग वाढवला. आपांना वाटलं, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात आपा चुलतबहिणीच्या लग्नाला उदगीरला गेल्या. सोमवारी सकाळी त्या परत आल्या तेव्हा लातूरचा फॉर्म सुरू होऊन काही दिवस झाले होते. नेहमीप्रमाणे त्या फोन घेऊन जिन्याखाली गेल्या आणि लगेचच वर आल्या. फोन त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवला. रेंज नव्हती आणि स्क्रीनवर हिरवी खूण होती.

"हे कवापासून?"

सरांनी स्वतःच बदल केला होता. एकेकाळी तेही हेच काम करायचे. "सुरू केल्यापासून," ते म्हणाले. "आजपर्यंत तक्रार आलेली न्हाई, आपा."

"तक्रार कशी येईल? त्यांना वाटून राहिलंय की नंबर लागलाय."

आपा कॉम्प्युटरसमोर बसल्या. त्यांच्या शेजारी मी. काय झालंय ते तोवर मला कळलं होतं. ज्यांची नोंद झाली ते डेटाबेसात होते. ज्यांची झाली नाही, त्यांचं काहीच नव्हतं. नाव नाही, नंबर नाही. जे आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत त्यांना शोधायचं कुठं?

आपांनी डोळे मिटले. बोटं टेबलावर तशीच. मग म्हणाल्या, "फॉर्ममध्ये मोबाइल नंबर टाकला की पेशंटचं नाव आपोआप येतंय ना?"

तेही पान न हलता व्हायचं. नंबर टाकला की सर्व्हरला विचारणा जायची आणि तिकडून नाव यायचं. त्या विचारणेची खूण, निवडलेल्या दिवसासकट आणि जागेसकट, सर्व्हरवर राहत होती. म्हणजे ज्यांनी नंबर टाकून नाव मागवलं, पण ज्यांची पुढची नोंद आलीच नाही, ती माणसं आम्हाला हवी होती. काही जणांनी मध्येच विचार बदलला असेल. बाकीच्यांनी हिरवी खूण बघून फोन खिशात ठेवला असेल.

आम्ही दोन्हीकडचं जुळवून पाहिलं. जास्त नावं नव्हती. आपा एकेकाला फोन लावत गेल्या. एकानं नंतर काउंटरवर जाऊन नंबर लावला होता. एका बाईंची पाळी उद्याची होती, ती आपांनी तिथल्या तिथं पक्की केली. एक जण गावच्या नातेवाइकाचं नाव बघत होता, त्याला पाळी नकोच होती. एक नाव राहिलं. ज्ञानोबा पांचाळ, चाकूरचे. पाळी त्याच दिवशीची. त्यांनी बघितलेली जागा मधल्या वेळात दुसऱ्याला गेली होती. आणि केंद्राच्या नोंदीत दिसत होतं की त्यांची मागची पाळीही जागा नसल्यानं हुकली होती.

फोन बंद लागत होता.

आपांनी केंद्राच्या काउंटरला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "नाव न्हाई तर मी काय करू मॅडम? सगळ्या मशीनी भरलेल्या हायत. साहेबांशी बोला." व्यवस्थापक फोन उचलत नव्हते. डॉक्टर आत पेशंटपाशी होते.

सर उठले. भावाची गाडी खाली होती, तिची किल्ली त्यांनी घेतली. "चला," म्हणाले.

लोहा मागं पडलं. आपा मागं माझ्याशेजारी बसून परत परत तोच नंबर लावत होत्या. अहमदपूरच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं, मुरमाची गाडी आडवी लागली होती. सरांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढेचनात. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. एकदा ते म्हणाले, "मी काय मुद्दाम केलं का, आपा?"

"न्हाई," आपा म्हणाल्या. "समोर बघा."

चाकूर वाटेतच लागतं. पत्ता विचारत आम्ही पांचाळांच्या घरी गेलो. ज्ञानोबा सुतार, एवढं सांगितल्यावर लोक बोट दाखवत होते. दाराला कुलूप. ओसरीवर अर्धवट तासलेली एक चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली. शेजारची बाई म्हणाली, "सकाळच्या एसटीनं गेलेत लातूरला. रातभर धाप लागून राहिली होती त्यास्नी. तरी म्हणायले, नंबर लागलाय, जाऊन येतो."

आपांनी तिचे आभार मानले आणि त्या चालतच गाडीकडं आल्या. त्यांच्या चालण्यात घाई नव्हती. पण गाडीचं दार त्यांना पहिल्या खेपेला उघडता आलं नाही.

लातूरला केंद्राच्या पायऱ्यांवरच ते दोघं होते. ज्ञानोबा पायरीवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढं काढून श्वास ओढत होते. चेहरा सुजलेला, ओठ काळे पडलेले. त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, पदराच्या टोकानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि आम्हाला केंद्रातली माणसं समजून फोन पुढं केला. आत कुणीतरी तो चार्जिंगला लावू दिला होता, तो नुकताच चालू झाला होता. त्यावर त्यांनी जपून ठेवलेलं चित्र होतं. हिरवी खूण, आणि खाली, 'आपली नोंद झाली.'

"नाव न्हाई म्हणतेत ओ," त्या म्हणाल्या. "तवापासून बसवलंय."

आपांनी फोन हातात घेतला, एकदा बघितला आणि सरळ आत गेल्या. मीही मागं धावले. डॉक्टर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निघाले होते, आपा त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. बाकांवर पेशंट, त्यांचे नातेवाईक, काउंटरवरची मुलगी, सगळे बघायला लागले.

"डॉक्टरसाहेब, बाहेर पायरीवर पेशंट हाय. त्यांनी नंबर लावला होता. आमच्या सॉफ्टवेअरनं तो हरवला आणि लागला म्हणून खोटं सांगितलं. चूक आमची हाय. त्यांची न्हाई, तुमच्या काउंटरचीबी न्हाई."

व्यवस्थापक आतून बाहेर आले होते. "मॅडम, हे इथं बोलायचं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "केबिनमध्ये या."

"त्यांना अगोदर आत घ्या. मग जिथं म्हणाल तिथं बोलते."

डॉक्टर तोवर दाराकडं निघाले होते. त्यांनी ज्ञानोबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, दोन शब्दांत काहीतरी सांगितलं, आणि माणसं स्ट्रेचर घेऊन पळाली. ऑक्सिजन लागला. पण मशीन रिकामी नव्हती. पुढची पाळी औशाच्या एका बाईंची होती. त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं, विचारलं काहीच नाही. त्या बाईंनी स्ट्रेचरकडं पाहिलं. "बसवा त्यास्नी," म्हणाल्या. "मला आज बरं हाय. मी मागून बसते."

दार बंद झालं. मग नुसतं थांबणं. कौशल्याबाई भिंतीला टेकून खाली फरशीवर बसल्या, तशा आपाही त्यांच्या शेजारी खाली बसल्या. सर बाहेर गाडीपाशी उभे होते, आत आलेच नाहीत. दाराच्या काचेतून एक हिरवा पडदा दिसत होता, बाकी काही नाही. कुणी आतून बाहेर आलं की कौशल्याबाई अर्ध्या उठायच्या आणि पुन्हा बसायच्या.

बऱ्याच वेळानं त्या आपांना म्हणाल्या, "बाई, म्या गच्चीवर जाऊन दाबलं होतं. खाली रेंज येत न्हाई म्हणून. हिरवं आलं, मंगच उतरले. माझंच काही चुकलं का?"

त्यांना अजून नीट कळलं नव्हतं की शेजारी बसलेली ही बाई कोण आहे.

"न्हाई मावशी," आपा म्हणाल्या. "तुम्ही बरोबर दाबलं होतं."

"मंग?"

"ते आम्ही बनवलंय. आमच्याकडून चुकलं."

कौशल्याबाई बराच वेळ आपांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या ओरडतील, किंवा रडतील. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, स्वतः एक घोट घेतला आणि बाटली मांडीवर धरून दाराकडं बघत बसल्या. आपांकडं पुन्हा बघितलं नाही. आपा उठल्या नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन "आता धोका टळलाय, श्वास सुधारतोय" म्हणाले, तेव्हाच त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

परतल्यावर सरांनी आपल्या हातानं तो बदल काढून टाकला. 'थांबा' पुन्हा दिसायला लागलं. आम्हाला वाटलं, निभावलं. पण दोन दिवसांनी लातूरहून निरोप आला. केंद्राचे विश्वस्त बसणार होते आणि झाल्या प्रकाराबद्दल आमच्याकडच्या कुणीतरी येऊन सांगायचं होतं. काय सांगायचं तेही व्यवस्थापकांनी सुचवलं होतं. पेशंटच्या मोबाइलमध्येच बिघाड होता, म्हणून असं झालं.

सरांनी आपांना आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"तुम्ही सांगितलं तर त्यांना पटेल," सर म्हणाले. "लातूरचं काम गेलं तर मी ऑफिस कशावर चालवू? ह्या पोरी-पोरांना काय सांगू? माणूस तर वाचला ना, आपा."

"वाचला," आपा म्हणाल्या. "पण त्या बाईला मी सांगून आले, तुमचं चुकलं न्हाई म्हणून. आता तिथं जाऊन चुकलं म्हणू?"

"तिला कोण सांगायला जाणार हाय?"

आपांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "तुम्ही गाडी विकून आम्हाला पगार दिला, ते मी विसरले न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणून भांडत न्हाई. जाते."

त्या महिनाअखेरपर्यंत थांबल्या. हातातली कामं एकेक करून मला समजावली. शेवटच्या शुक्रवारीही डबा सगळ्यांना पुरेल एवढाच आणला. आमच्यापैकी एक जण म्हणाला की आपा, सरांचाही नाइलाज होता. आपांनी त्याच्या ताटात आणखी खट्टा वाढला आणि म्हणाल्या, "जेव."

लातूरला सर एकटेच गेले. तिथं ते काय बोलले हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. काम आमच्याकडंच राहिलं.

आपा नांदेडातच होत्या, पण गाठ पडली नाही. मी दोनदा फोन केला, तेव्हा त्यांनी माझ्या कामाचंच विचारलं. कुणी म्हणायचं उदगीरला स्वतःचं काहीतरी सुरू करणार आहेत, कुणी म्हणायचं क्लास काढणार आहेत. विचारलं तर म्हणायच्या, "ठरलं की सांगते."

गेल्या उन्हाळ्यात मी एका लग्नासाठी लातूरला निघाले होते. एसटी चाकूरला थांबली. माणसं चढत-उतरत होती, मी खिडकीत होते. रस्त्याच्या पलीकडं पत्र्याच्या शेडखाली ज्ञानोबा काम करत होते. खूप वाळले होते. डाव्या हाताला, जिथून रक्त काढतात आणि भरतात, तिथं पट्टी होती. शेडच्या कडेला कॉम्प्युटरच्या क्लासात असतात तसल्या टेबलांचे पाय कापून ठेवले होते, चार-पाच टेबलांचे तरी असतील. कौशल्याबाई स्टोव्हपाशी बसून चहा गाळत होत्या. आणि आपा उन्हातच उभ्या होत्या, ओढणी कमरेला खोचून, एका लांब फळीचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. दुसऱ्या टोकाकडून ज्ञानोबा रंधा मारत येत होते. मध्येच त्यांना दम लागायचा, मग ते थांबायचे. आपाही फळी न सोडता थांबायच्या.

मी हाक मारणार होते. खिडकीची काच सरकेना. गाडी हलली तेव्हा ज्ञानोबांनी पुन्हा रंधा उचलला होता, आणि आपांनी पाय जरा फाकवून, अंगाचा सगळा भार फळीवर दिला होता.